मान्यतेपूर्वीची दहा वर्षे

प्रस्तावना

खेळांच्या बातम्यांत आपल्याला बहुधा खेळाडूंची नावे आढळतात. त्यांना घडवणारा प्रशिक्षक मैदानाच्या कडेला उभा असतो. महाविद्यालयीन संघाच्या प्रशिक्षकाचे काम तर अधिकच कठीण. त्याने तयार केलेले खेळाडू काही वर्षांत पदवी घेऊन निघून जातात आणि त्याला पुन्हा नव्याने आरंभ करावा लागतो. प्रस्तुत पाठात अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक जेरी येगली यांच्या चाळीस वर्षांच्या कार्याचा परिचय करून दिला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• महाविद्यालयीन प्रशिक्षकाच्या कामाचे स्वरूप सांगता येईल;
• क्लबचा संघ आणि विद्यापीठाचा अधिकृत संघ यांतील फरक स्पष्ट करता येईल;
• मान्यता आणि कार्य यांच्या परस्परसंबंधावर स्वतःचे मत मांडता येईल.

मूळ पाठ

१. नाव एक, खेळ दोन

ज्या खेळाला आपण फुटबॉल म्हणतो, त्याला अमेरिकेत ‘सॉकर’ म्हणतात. तेथे ‘फुटबॉल’ हे नाव एका निराळ्याच खेळाला मिळाले आहे. त्यात लंबगोल चेंडू हाती घेऊन खेळाडू धावतात. कोलकाता, गोवा किंवा केरळ येथील वाचकाला याचे नवल वाटेल. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत आपल्या परिचयाच्या फुटबॉलला फारसा मान नव्हता. इंडियाना राज्यात तर बास्केटबॉलचे वेड होते.

अशा ठिकाणी, ब्लूमिंग्टन या गावातील इंडियाना विद्यापीठात, १९६३ मध्ये जेरी येगली आले. त्यांनी अद्याप पंचविशीही गाठली नव्हती. पेनसिल्व्हेनिया राज्यातील वेस्ट चेस्टर महाविद्यालयाकडून ते खेळले होते आणि १९६१ मध्ये त्या महाविद्यालयाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले होते. विजयाची चव घेतलेला हा तरुण आता जेथे आला, तेथे फुटबॉलचा अधिकृत संघच नव्हता. होता तो विद्यार्थ्यांचा एक क्लब.

२. दहा वर्षे

येथे क्लब आणि अधिकृत संघ यांतील फरक ध्यानात घ्यायला हवा. अमेरिकेतील विद्यापीठे ज्या खेळांना अधिकृत दर्जा देतात, त्यांच्यासाठी क्रीडा विभाग खर्चाची तरतूद करतो, खेळाडूंना शिष्यवृत्ती देऊ शकतो आणि संघाला राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेची वाट खुली होते. क्लबच्या वाट्याला यांतले काहीच येत नाही. तो कितीही चांगला खेळला, तरी राष्ट्रीय विजेतेपदाचे दार त्याच्यासाठी बंदच असते.

येगली यांनी अशा क्लबला एक-दोन नव्हे, तर दहा वर्षे दिली. या काळात कित्येक खेळाडू आले, शिकले आणि राष्ट्रीय स्पर्धेचे मैदान न पाहताच पदवी घेऊन गेले. अखेर १९७३ मध्ये विद्यापीठाने फुटबॉलला अधिकृत दर्जा दिला.

ती दहा वर्षे वाया गेली काय? या प्रश्नाचे उत्तर पुढील घटनेतच आहे. मान्यता मिळाल्यानंतर चौथ्याच हंगामात, १९७६ मध्ये, इंडियानाचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचला. नवख्या संघाला हे सहसा साधत नाही. कागदावर संघ नवा होता. त्यामागील मशागत मात्र जुनी होती.

३. विजयाची हुलकावणी

विजेतेपद मात्र लगेच हाती आले नाही. १९७६, १९७८ आणि १९८० अशा तीन अंतिम सामन्यांत इंडियानाला पराभव पत्करावा लागला आणि तिन्ही वेळा प्रतिस्पर्धी एकच होता – सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ. १९८० चा सामना तर जादा वेळेत ४–३ असा निसटला.

१९८२ मध्ये अंतिम सामन्यात ड्यूक विद्यापीठाशी गाठ पडली. नियमित वेळ संपली तेव्हा बरोबरी होती. जादा वेळेची सत्रे एकामागून एक होत राहिली. अखेर आठव्या सत्रात ग्रेग थॉम्पसन या खेळाडूने गोल केला आणि इंडियाना २–१ असा विजयी झाला. आधीचा गोलही थॉम्पसनचाच होता. ब्लूमिंग्टनला आल्यानंतर एकोणीस वर्षांनी येगली यांच्या संघाने पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्यानंतर १९८३, १९८८, १९९८, १९९९ आणि २००३ मध्येही हा मान इंडियानाने पटकावला.

४. दरवर्षी नवा आरंभ

व्यावसायिक संघाला चांगला खेळाडू दीर्घकाळ राखता येतो. महाविद्यालयीन संघाला ती मुभा नाही. अमेरिकेत विद्यार्थी-खेळाडूला साधारणतः चार हंगाम खेळता येते. म्हणजे दरवर्षी अनुभवी खेळाडूंची एक तुकडी निरोप घेते आणि तेवढ्याच नवख्या मुलांना हाताशी धरावे लागते. १९८२ आणि २००३ या वर्षांच्या विजेत्या संघांत एकही खेळाडू समान नव्हता. समान होता तो प्रशिक्षक.

१९७३ ते २००३ या एकतीस हंगामांत येगली यांच्या संघाने ५४४ सामने जिंकले, १०१ गमावले आणि ४५ बरोबरीत सोडवले. त्यांचे विद्यार्थी विद्यापीठाबाहेरही चमकले. आर्मांदो बेटांकोर्ट १९८२ च्या विश्वचषकात होंडुरासकडून, तर ब्रायन मेसनव्ह १९९८ च्या विश्वचषकात अमेरिकेकडून खेळले. स्वतः येगली यांचा १९८९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय फुटबॉल गौरवदालनात समावेश झाला.

५. निरोप आणि त्यानंतर

२००३ चा हंगाम आपला अखेरचा असेल, असे येगली यांनी आधीच जाहीर केले होते. हंगामाचा आरंभ निराशाजनक झाला. पुढे मात्र संघ सावरला आणि अंतिम सामन्यात सेंट जॉन्स विद्यापीठाला २–१ असे नमवून त्याने आपल्या गुरूला विजेतेपदाने निरोप दिला.

तथापि, प्रशिक्षकाची खरी कसोटी तो निघून गेल्यावर लागते. येगली यांच्यानंतर त्यांचेच माजी खेळाडू माइक फ्रायटॅग यांनी जबाबदारी घेतली आणि २००४ मध्ये इंडियाना पुन्हा राष्ट्रीय विजेता ठरला. २०१० मध्ये येगली यांचे पुत्र टॉड प्रशिक्षक झाले. तेही पूर्वी याच संघातून खेळले होते. त्यांच्या संघाने २०१२ मध्ये विजेतेपद मिळवले. एका माणसाने रुजवलेले काम त्याच्या अनुपस्थितीतही उभे राहिले. यापरते शिक्षकाचे दुसरे यश कोणते?

शब्दार्थ

मशागत – पेरणीपूर्वी जमिनीची केलेली तयारी, (येथे) पूर्वतयारी
हुलकावणी – हाती येता येता निसटणे
मुभा – मोकळीक, सवलत
कसोटी – परीक्षा

पाठगत प्रश्न

१. क्लबच्या संघाला कोणत्या सवलती मिळत नाहीत?
२. ‘कागदावर संघ नवा होता, त्यामागील मशागत मात्र जुनी होती,’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
३. एकतीस हंगामांत संघाने एकूण किती सामने खेळले? दर दहा सामन्यांमागे अंदाजे किती जिंकले?

आपण काय शिकलो?

• मान्यता मिळण्यापूर्वी केलेले काम हाच पुढील यशाचा पाया असतो.
• महाविद्यालयीन प्रशिक्षकाला दरवर्षी नव्याने संघ बांधावा लागतो.
• उत्तम शिक्षकाचे कार्य त्याच्या विद्यार्थ्यांच्या हातून पुढे चालते.

स्वाध्याय

१. व्यावसायिक संघ आणि महाविद्यालयीन संघ यांच्या प्रशिक्षकांच्या कामाची तुलना करा.
२. तुमच्या परिसरात पद वा प्रमाणपत्र नसतानाही अनेक वर्षे उत्तम काम करणारी एखादी व्यक्ती असेल – कारागीर, दाई, वादक अथवा तालमीतील वस्ताद. तिच्याशी बोलून तिच्या कार्याविषयी पंधरा ओळी लिहा.