पिलाचा रंग आणि प्रौढाचा रंग

आमच्या कुळगावात पावसाळ्यात साप निघणे ही नवलाची गोष्ट नाही. धामण, दिवड, कवड्या यांपैकी कोणी ना कोणी दर्शन देतोच. अशा गावातला माझा एक वर्गमित्र गेल्या वर्षी म्हणाला, "मला साप पाळायचाय, आणि तोही पिवळाधमक!" त्याने मोबाईलवर बॉल पायथनच्या पिलाचे छायाचित्र दाखविले. क्षणभर मीही मोहित झालो. परंतु हा रंग पुढे टिकेल काय, अशी शंका आली आणि मी वाचनास लागलो. त्याचे सार येथे मांडीत आहे.

बॉल पायथन हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील लहान जातीचा अजगर होय. भ्याला की डोके आत घेऊन तो अंगाचा चेंडू करतो, म्हणून हे नाव. जॉर्ज शॉ यांनी १८०२ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. मूळचा हा साप काळपट तपकिरी, अंगावर फिकट पट्टे असलेला. अमेरिकेत बॉब क्लार्क यांनी १९९२ मध्ये पिवळ्या-पांढऱ्या 'अल्बिनो' प्रकाराची, तर पीटर काल यांनी १९९७ मध्ये पांढरे पट्टे असलेल्या 'पायबाल्ड' प्रकाराची पैदास करून हे गुण आनुवंशिक असल्याचे सिद्ध केले. पुढे जोड्या जुळवून असंख्य रंगप्रकार निर्माण झाले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सापाच्या कातडीत काळे-तपकिरी रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, असते, तसेच पिवळे रंगद्रव्यही असते. पिलू लहान असताना पिवळा रंग उठून दिसतो. वय वाढते तशी पुष्कळ प्रकारांत तपकिरी छटा वरचढ होते. 'पेस्टल'चा पिवळेपणा बहुधा मंदावतो. 'बनाना'च्या अंगावर वयाबरोबर काळे ठिपके उमटतात. पिवळे रंगद्रव्य नसलेला 'ॲक्झँथिक' जन्मतः करडा-काळा असतो, पण त्याच्या अनेक वंशांत पुढे तपकिरी झाक येते. उलट अल्बिनोत मेलॅनिनच नसते, मग काळपटपणा येणार कोठून? पायबाल्डचा पांढरा भागही पांढराच राहतो.

यावरून निवडीचा नियम सरळ आहे. पिलाकडे पाहून भुलू नये, त्याचे पूर्ण वाढलेले आईबाप पाहावेत. तेही दिवसाच्या उजेडात. कात टाकण्यापूर्वी साप निस्तेज दिसतो आणि टाकल्यावर झळकतो, म्हणून एका छायाचित्रावर विसंबू नये. 'स्पायडर' नावाच्या देखण्या प्रकारात डोके डगमगण्याचा दोष रंगाबरोबरच वारशाने येतो, तेव्हा केवळ रूप पाहणे हा जनावरावर अन्याय ठरतो. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, ही म्हण येथेही लागू पडते.

परंतु रंगाच्या आधी दोन प्रश्न विचारायला हवेत. पहिला कायद्याचा. आपला देशी अजगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो पकडणे वा पाळणे हा गुन्हा असून त्यास किमान ३ वर्षांची कैद आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी त्याचा व्यापार आंतरराष्ट्रीय करारान्वये नियंत्रित आहे, आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्याची नोंद शासनाकडे करावी लागते. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात बिस्किटे व केकच्या पुड्यांत लपविलेले ९ बॉल पायथन सापडले होते. म्हणून कागदपत्रांवाचून मिळणारे पिलू कोठून आले असेल, याचा विचार करावा.

दुसरा प्रश्न आयुष्याचा. हा साप बंदिवासात २० ते ३० वर्षे सहज जगतो. अमेरिकेतील सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात तर साठी ओलांडलेल्या मादीने २०२० मध्ये अंडी घातली! आज एकोणीस वर्षांचा विद्यार्थी साप घेईल, तर तो पन्नाशीकडे झुकेपर्यंत त्याला ऊब आणि उंदीर पुरवावे लागतील. नोकरी, लग्न, भाड्याची खोली या सर्वांत सापाला जागा असेल काय? रंग उतरला म्हणून बारवीच्या जंगलात नेऊन सोडणे हा मार्ग नव्हे. परका प्राणी तेथे मरेल किंवा रोग पसरवील.

हे सारे ऐकून माझ्या मित्राने बेत रहित केला. या पावसाळ्यात त्यांच्या पडवीत धामण निघाली, तेव्हा त्याने काठी उचलू दिली नाही. सर्पमित्राला बोलावले आणि तो येईपर्यंत लांबून तिचा रंग पाहत उभा राहिला. विद्यार्थी मित्रहो, सापाची आवड जोपासण्यास एवढेही पुरेसे आहे, असे मला वाटते.