कावीळ ओसरली, तरी...

कला शाखेच्या विद्यार्थ्याने शस्त्रक्रियेवर लिहावे, हे काहींना विचित्र वाटेल. पण घरातील एका आजारपणाने हा धडा मला शिकविला. तो इतरांच्याही उपयोगी पडावा, म्हणून हा प्रपंच.

माझ्या मामांना साठीत कावीळ झाली. पोटात दुखत नव्हते. अंगाला खाज मात्र विलक्षण. गावच्या रिवाजाप्रमाणे त्यांच्या डोक्यावर काविळीची माळ ठेवली. पंधरा दिवसांत डोळ्यांचा पिवळेपणा कमी झाला. श्रेय माळेला मिळाले. महिन्याभराने कावीळ परत आली, ती पहिल्यापेक्षा गडद!

असे का झाले? यकृताकडून येणारी पित्तनलिका व स्वादुपिंडाची नलिका बहुधा एकत्र येऊन लहान आतड्याच्या पहिल्या भागात उघडतात. या संगमाला 'व्हेटरची कुपी' म्हणता येईल. अब्राहम व्हेटर या जर्मन शास्त्रज्ञाने १७२० साली तिचे वर्णन केले. येथील कर्करोगाची गाठ लहान असतानाच पित्ताची वाट अडविते. मग डोळे पिवळे, लघवी गडद आणि शौच पांढरट होते. गाठीचा थोडा भाग झडला, की वाट काहीशी मोकळी होते व कावीळ उतरते. रोग मात्र तेथेच असतो.

मामांच्या सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली दिसली. नंतर तोंडावाटे दुर्बीण घालून गाठ पाहिली आणि तिचा तुकडा तपासला. रोग यकृतात पसरला नसल्याचे सीटी स्कॅनने कळले.

अशा गाठीवरची मोठी शस्त्रक्रिया व्हिपल या अमेरिकन शल्यविशारदांच्या नावाने ओळखली जाते. तत्पूर्वी १९०९ साली बर्लिनमध्ये काउश यांनी अशी शस्त्रक्रिया यशस्वी केली होती. व्हिपल यांनी १९३५ मध्ये ती दोन टप्प्यांत मांडली, कारण काविळीच्या रोग्याचे रक्त लवकर गोठत नाही. पुढे 'के' जीवनसत्त्व हाती आल्यावर ती एकाच वेळी करणे सोपे झाले.

एवढ्याशा गाठीसाठी स्वादुपिंडाचे डोके, आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय आणि पुष्कळदा जठराचा थोडा भागही काढावा लागतो. स्वादुपिंडाचे डोके व आतडे यांचा रक्तपुरवठा सामाईक असल्याने एक ठेवून दुसरे काढता येत नाही. मग स्वादुपिंड, पित्तनलिका व जठर पुन्हा आतड्याला जोडतात. यांपैकी स्वादुपिंडाचा जोड गळण्याची भीती सर्वांत मोठी. तरीही अनुभवी रुग्णालयांत आज या शस्त्रक्रियेत शंभरात पाचांहून कमी रोगी दगावतात.

मामा आज हिंडते-फिरते आहेत. जेवताना पाचकरसाच्या गोळ्या घ्याव्या लागतात. मात्र रोग जवळच्या एका लसिकाग्रंथीपर्यंत पोचला होता, म्हणून औषधोपचार व तपासण्या चालू आहेत. माळेपायी गेलेल्या दिवसांत तो तेथवर पोचला का, हे कोणालाच सांगता येणार नाही. मामी मात्र तो प्रश्न अजून विचारतात.

विषाणूंची कावीळ बहुधा आपोआप बरी होते, आणि माळेची कीर्ती वाढते. म्हणून वाचकांना एवढीच विनंती, की उतारवयात न दुखता कावीळ झाली, तर ती ओसरली तरी तपासणी टाळू नका.