रुजू होण्यापूर्वी

स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार हे तिन्ही टप्पे ओलांडून मी तहसील कचेरीत अव्वल कारकुनाच्या जागेवर पुन्हा रुजू झाले तो महिना मार्चचा होता. आणि महसूल खात्याच्या चाकरीत ज्यांचे आयुष्य गेले आहे त्यांना मार्च म्हणजे वसुलीचे तक्ते, वरिष्ठ कचेरीची स्मरणपत्रे आणि दिवेलागणीनंतरही न उठणाऱ्या बैठका, हे निराळे सांगावयास नको. सहकाऱ्यांनी माझे स्वागत अगदी मनापासून केले. पहिले काही आठवडे माझ्या मेजावरचे कागद कोणी ना कोणी आपणहून उचलून नेई, आणि डोईवरचा स्कार्फ पाहून पक्षकारसुद्धा आवाज खाली आणीत. पुढे केस उगवले, स्कार्फ सुटला, आणि कोणाच्याही मनात दुष्टावा नसताना ही सवलतही हळूहळू सुटत गेली. केस परत आले की आजार गेला असाच लोकांचा समज असतो. वस्तुतः शरीर सावरण्यास त्या वेळी नुकता कोठे आरंभ झालेला असतो.

माझ्या उजव्या काखेतील लसिकाग्रंथी शस्त्रक्रियेत काढल्या होत्या. ह्या ग्रंथी गेल्या की हातातून परतणाऱ्या लसिकाद्रवाची वाट अरुंद होते, आणि त्या हातावर एकाएकी भार पडला किंवा एखादी जखम चिघळली, तर द्रव साचून हात सुजू शकतो. ही सूज उपचारानंतर कित्येक वर्षांनीही उद्भवते. अभिलेखकक्षातील जुन्या फेरफारांचे रुमाल किती जड असतात, हे ज्याने ते उंच फळीवरून उतरविले आहेत त्यासच ठाऊक. एका तातडीच्या प्रकरणासाठी तसे रुमाल काढण्याचे काम माझ्याकडे आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उजव्या मनगटात एरवी सैल खेळणारी बांगडी जागची हलेना. दुखणे नव्हते, लाली नव्हती, नुसता जडपणा होता. भौतिकोपचाराच्या बाईंनी दोन्ही हातांचा घेर फितीने ठिकठिकाणी मोजून पाहिला, दाबाची बाही घालावयास दिली, व्यायाम आखून दिला. सूज बरीचशी उतरली, पण समूळ गेली नाही. म्हणून बांगडी, अंगठी किंवा पोलक्याची बाही त्या बाजूस घट्ट वाटू लागताच, दुखण्याची वाट न पाहता, दाखवून यावे. नस्तीला दाभण लावताना, टाचणी काढताना त्या हातास जपावे. हात लाल व गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मात्र भयाने हात निजवून ठेवणे हेही घातक आहे, कारण त्याने खांदा आखडतो. भिंतीवर बोटांनी चढत जाण्याचा साधा व्यायामदेखील, शिकविल्याप्रमाणे आणि नित्य केला, तर फार उपयोगी पडतो.

ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहिण्यास बसले ती आता सांगते. रुजू होताना जो वैद्यकीय दाखला जोडावा लागतो त्यात बहुधा एकच वाक्य असते, की रुग्ण कामावर हजर होण्यास सक्षम आहे. आणि कचेरी त्याचा अर्थ सर्व कामास, सर्व वेळ सक्षम असा घेते. तेव्हा डॉक्टरांस विनंती करून दाखल्यातच मर्यादा लिहवून घ्याव्यात: कोणत्या हाताने वजन उचलावयाचे नाही, दौरा व रात्रीचे काम किती काळ नको, तपासणीसाठी किती अंतराने यावे लागेल. असा दाखला जोडून कार्यालयप्रमुखांकडे अर्ज करावा आणि त्याची पोच घ्यावी. सूज आल्यानंतर मी तसा अर्ज केला, तेव्हा तहसीलदारसाहेबांनी त्याच आठवड्यात आदेश काढला, की अभिलेख शिपायाने काढून द्यावेत आणि माझी दौऱ्याची कामे दुसऱ्या संकलनाकडे वर्ग करावीत. पुढे साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांस माझ्या आजाराची वार्ताही नव्हती. पण आदेश नस्तीत होता, आणि तो तसाच चालू राहिला. तोंडी मिळालेली सवलत मात्र त्या साहेबांबरोबरच गेली असती.

उपचार चालू असतानाच ज्यांना काम करणे भाग आहे त्यांनी केमोच्या चक्राकडे पाहून कामे लावावीत. पुष्कळ औषधांचे चक्र २१ दिवसांचे असते, आणि रक्तातील पांढऱ्या पेशी साधारणपणे दुसऱ्या आठवड्यात सर्वांत कमी होतात. त्या दिवसांत सुनावणीची गर्दी आणि एस. टी.चा प्रवास टाळावा. ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला तर घरातली गोळी घेऊन कचेरी गाठण्याचा विचारही करू नये, थेट रुग्णालयात जावे.

उपचारानंतरचा थकवा निजून जात नाही, हे घरच्या माणसांसही समजावून सांगावे लागते. विचित्र वाटेल, पण त्यावर रोजचे बेताचे चालणे विश्रांतीहून अधिक गुणकारी ठरते. पाठ असलेले गट नंबर मला आठवेनासे झाले तेव्हा मी फार घाबरले होते. असे विस्मरण केमोनंतर पुष्कळांस होते, आणि पुष्कळांचे ते काळाने ओसरते. तोवर वही जवळ बाळगावी.

ज्यांची गाठ संप्रेरकांस प्रतिसाद देणारी असते त्यांना टॅमोक्सिफेनसारखी गोळी निदान ५ वर्षे, कित्येकींना १० वर्षे घ्यावी लागते. भर बैठकीत अंगाची लाही होते, घाम फुटतो. दुसऱ्या प्रकारच्या गोळ्यांनी सकाळी सांधे धरतात. ह्या त्रासास कंटाळून गोळी परस्पर बंद करणाऱ्या भगिनी मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्यासाठी माझा जीव तुटतो. त्रास डॉक्टरांस सांगावा. औषध बदलता येते.

शेतमजुरी करणाऱ्या बाईस ना रजा, ना दाखला मागणारा साहेब. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून तिच्या उपचाराचा खर्च भागतो, पण बुडालेली मजुरी कोणी भरून देत नाही, आणि ह्याची खंत माझ्यासारख्या पगारदार बाईने बाळगलीच पाहिजे. आम्हांस रजेचा हक्क आहे, तो तरी आम्ही जपून वापरावा. सारी अर्जित रजा उपचारातच संपवू नये. वैद्यकीय दाखल्यावर परिवर्तित रजा मिळते, मात्र तिच्या प्रत्येक दिवसामागे अर्धपगारी रजेचे दोन दिवस खर्ची पडतात, हा हिशेब आस्थापना शाखेत बसून आधीच करून घ्यावा. पहिली काही वर्षे दर काही महिन्यांनी तपासणी आणि दर वर्षी मॅमोग्राफी असते. त्या तारखा मिळताच रजेचा अर्ज देऊन टाकावा, आणि त्यांत एखादी मार्चमध्ये येत असेल तर ती पुढे ढकलू नये.