मातीविना भाजीपाला

प्रश्न : परभणीत दोन खोल्यांत राहतो, अंगण नाही. नुसत्या पाण्यावर भाजी वाढते असे ऐकून कोथिंबीर लावली, ती पिवळी पडली. माती नसता पीक येते का? — एक वाचक

उत्तर : अवश्य येते, आपण निराश होऊ नये. माती वनस्पतीस आधार, ओलावा, हवा आणि अन्नद्रव्ये पुरविते, आणि या चारही गोष्टींची तजवीज अन्य मार्गाने झाली तर तिच्यावाचून अडत नाही; आपल्या कोथिंबिरीस पाणी मिळाले, परंतु नत्र व लोह यांचा पुरवठा झाला नाही, हेच तिच्या पिवळेपणाचे संभाव्य कारण होय. किंबहुना आपल्या जिल्ह्याची काळी जमीन, कापसास कितीही मानवली तरी, कुंडीत चिकट होते व वाळताच भेगाळते, म्हणून खिडकीपाशी धुतलेला कोकोपीटच मला श्रेयस्कर वाटतो.

तळाला छिद्रे असलेल्या पसरट भांड्यात तूर्त मेथी पेरावी, दोन पाने फुटल्यावर सूक्ष्म अन्नद्रव्यांसह १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम या बेताने आठवड्यातून एकदा द्यावे, आणि सकाळचे ऊन किमान चार तास लाभेल असा बंदोबस्त करावा. विंधन विहिरीचे पाणी क्षारयुक्त असल्यास साठविलेले पावसाचे पाणी वापरावे. भांड्याखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये, कारण डेंग्यूचा डास तेथेच वाढतो. एप्रिल-मे महिन्यांत मात्र पालेभाजीचा आग्रह धरू नये.