एका नोंदीचे अनेक वाचक : संगणक सेवांमधील ‘प्रकाशक-वर्गणीदार’ पद्धती

घरातील कर्त्या माणसाचे निधन झाले म्हणजे दुःखाच्या पाठोपाठ कागदपत्रांची यातायात सुरू होते, हे गावागावांतील कुटुंबांना अनुभवाने ठाऊक आहे. मृत्यूचा दाखला एकच. पण त्याच्या छायाप्रती शिधापत्रिकेसाठी नागरी पुरवठा कार्यालयात, निवृत्तिवेतनासाठी कोषागारात, खात्यासाठी बँकेत, वीजजोडणीचे नाव बदलण्यासाठी वीज कार्यालयात आणि मतदार यादीसाठी आणखी एका टेबलावर द्याव्या लागतात. घडलेली गोष्ट एक, आणि ती सांगत फिरावयाचे मात्र त्या घरातील विधवेने.

जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यानुसार मृत्यूची खबर २१ दिवसांच्या आत निबंधकास द्यावयाची असते. या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली व ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. मतदार याद्या, शिधापत्रिका, लोकसंख्या नोंदवही यांसारखे माहितीसंच सांभाळणाऱ्या प्राधिकरणांना जन्म-मृत्यूंचा राष्ट्रीय माहितीसंच केंद्र शासनाच्या पूर्वमान्यतेने उपलब्ध करून देण्याची तरतूद तीत आहे. कायद्याने दार उघडले. परंतु एका कचेरीच्या संगणकातील नोंद दुसऱ्या कचेरीच्या संगणकापर्यंत पोहोचावी कशी, हा प्रश्न तंत्राचा आहे. मोठ्या संगणक व्यवस्थांमध्ये त्यासाठी रूढ झालेल्या एका पद्धतीची ओळख प्रस्तुत लेखात करून द्यावयाची आहे. मृत्यूच्या नोंदीचे उदाहरण केवळ समजुतीसाठी घेतले आहे.

प्रथम दोन शब्दांचा खुलासा करणे अवश्य आहे. पूर्वी एका कार्यालयाचे सारे काम एकाच मोठ्या आज्ञावलीत गुंफलेले असे. आता त्या कामाचे लहान लहान भाग पाडतात आणि प्रत्येक भागासाठी स्वतंत्र आज्ञावली चालवितात; अशा प्रत्येक आज्ञावलीस ‘सेवा’ म्हणतात. या सेवा ज्या संगणकांवर चालतात ते कार्यालयात नसून दूरच्या मोठ्या संगणकगृहांत असतात आणि गरजेप्रमाणे वापरावयास मिळतात. यालाच ‘क्लाऊड’ असे नाव पडले आहे. भारत सरकारच्या या स्वरूपाच्या उपक्रमाचे नाव ‘मेघराज’ असून त्याखालील राष्ट्रीय क्लाऊड २०१४ साली सुरू झाला. नाव काव्यमय असले तरी ढगांशी त्याचा संबंध नाही. भिंती, वीज, थंड हवा आणि यंत्रे यांचाच तो कारभार आहे.

आता निबंधकाच्या सेवेने इतर सेवांना खबर द्यावी कशी? सर्वांत सरळ मार्ग म्हणजे प्रत्येकीस दूरध्वनी केल्यासारखे थेट सांगणे. शिधापत्रिका सेवेस हाक मारावयाची, उत्तराची वाट पाहावयाची; मग कोषागारास, मग बँकेस. यातील एक जरी त्या क्षणी बंद असली तरी निबंधकाचे काम तेथेच अडते, आणि खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसास ‘सिस्टीम डाऊन आहे, उद्या या’ हे परिचित वाक्य ऐकावे लागते. शिवाय उद्या सहावे कार्यालय आले की निबंधकाच्या आज्ञावलीत पुन्हा बदल करणे ओघानेच येते. पाच सेवांपैकी प्रत्येकीने इतर प्रत्येकीस थेट सांगावयाचे म्हटले तर २० वाटा होतात, दहा सेवांच्या ९० होतात. एवढ्या वाटांची देखभाल करणारा अभियंता बदली होऊन गेला म्हणजे मागे कोणास काही उमगत नाही.

यावर तोडगा म्हणून जी पद्धत निघाली तिला ‘पब्लिश-सबस्क्राइब’ म्हणतात. तिला ‘प्रकाशक-वर्गणीदार पद्धती’ म्हणावयास हरकत नसावी. निबंधकाची सेवा कोणासही थेट काही सांगत नाही. ‘मृत्यू-नोंद’ असा एक विषय ठरलेला असतो. त्या विषयाखाली ती आपला संदेश एका मध्यस्थाकडे देते आणि आपल्या कामास लागते. ज्या ज्या सेवेस या विषयाची गरज आहे तिने मध्यस्थाकडे आधीच वर्गणीदार म्हणून नाव नोंदविलेले असते. मध्यस्थ प्रत्येक वर्गणीदारासाठी संदेशाची प्रत राखून ठेवतो व पोहोचवितो. सहावे कार्यालय आले तर ते आपले नाव नोंदविते. निबंधकाच्या सेवेस त्याची वार्ताही नसते.

दवंडीशी याची तुलना करण्याचा मोह होतो, पण ती पुरती जुळत नाही. दवंडीच्या वेळी जो शेतात गेला तो खबरेस मुकला. वर्गणीच्या मासिकाचे तसे नाही. वर्गणीदार परगावी गेला असला तरी अंक टपाल कचेरीत त्याची वाट पाहतो. सर्व मर्म या वाट पाहण्यात आहे.

ही कल्पना आजची नव्हे. १९८७ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात केन बर्मन व त्यांचे सहकारी यांनी ‘आयसिस’ या प्रणालीत ती वापरली. त्याच सुमारास मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांच्या टेक्नेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स या कंपनीने अमेरिकेतील वित्तव्यवहारांच्या कक्षांत बदलते भाव अनेक पडद्यांवर एकाच वेळी पोहोचविण्यासाठी अशीच व्यवस्था उभी केली. १९९९ साली निर्जन प्रदेशातील तेलवाहिन्यांची माहिती उपग्रहामार्फत मिळविण्यासाठी ‘एमक्यूटीटी’ ही संदेशांची नियमावली निर्माण झाली. २०११ साली लिंक्डइन कंपनीने स्वतःसाठी घडविलेली ‘काफ्का’ ही प्रणाली सर्वांना खुली केली. जे क्रेप्स, जुन राव व नेहा नारखेडे हे तिचे तिघे निर्माते. पैकी नारखेडे मूळच्या पुण्याच्या आणि अभियांत्रिकीचे पदवी शिक्षणही त्यांनी पुण्यातच घेतले. प्रणाली ‘लिहिण्याच्या’ कामात तरबेज, म्हणून तिला लेखकाचे नाव दिले, असा क्रेप्स यांचा खुलासा आहे. कचेऱ्यांच्या चक्रव्यूहात सापडलेल्या माणसाच्या कथा लिहिणाऱ्या लेखकाचे नाव या कामास लाभावे, हा योगायोग मात्र विलक्षण म्हटला पाहिजे.

काफ्काचा एक विशेष येथे सांगितला पाहिजे. तीत संदेश वाचला म्हणून पुसला जात नाही. तो नोंदवहीत क्रमाने राहतो आणि पोथीत मोरपीस ठेवावे त्याप्रमाणे प्रत्येक वाचक आपण कोठवर वाचले याची खूण ठेवतो. त्यामुळे वाचकास मागे जाऊन पुन्हा वाचता येते. अर्थात नोंदवही अमर्याद नसते. वेगळे काही ठरविले नाही तर ७ दिवसांनंतर जुने संदेश काढून टाकण्यात येतात.

पोच, आणि पोच हरवली तर

कार्यालयीन पत्रव्यवहार केलेल्यांना पुढील भाग सहज समजेल. वर्गणीदार सेवेने संदेश वाचून त्याप्रमाणे काम केले की ती मध्यस्थास पोच देते. पोच ठरावीक वेळेत आली नाही तर संदेश पोहोचला नाही असे धरून मध्यस्थ तो पुन्हा पाठवितो. गूगलच्या अशा सेवेत ही मुदत, दुसरे काही ठरविले नसेल तर, १० सेकंदांची असते आणि पोच न आलेला संदेश ७ दिवस राखला जातो. अमेझॉनच्या संदेश-रांगेत संदेश ४ दिवस राहतो. ही मुदत १४ दिवसांपर्यंत वाढविता येते. चतुर्थीच्या सुट्ट्यांत एखादी सेवा बंद पडली आणि ती सुरू करावयास पाचव्या दिवशी माणूस आला, तर ४ दिवस आणि १४ दिवस यांतील फरक किती हे निराळे सांगावयास नको. हा आकडा ठरविण्याचे काम केवळ अभियंत्यावर सोपवू नये, असे माझे मत आहे.

परंतु काम पुरे झाले आणि पोचच वाटेत हरवली तर? मध्यस्थास हे कळण्याचा मार्ग नाही. तो तोच संदेश दुसऱ्यांदा देणार. म्हणून या व्यवस्था सामान्यतः ‘किमान एकदा’ पोहोचविण्याची हमी देतात. ‘एकदाच’ असे म्हणत नाहीत. येथे सर्व भार घेणाऱ्यावर येतो. कोषागाराच्या सेवेस ‘वारसाच्या खात्यावर अमुक रक्कम जमा करा’ असा संदेश दोनदा मिळाला आणि तिने तो दोनदा पाळला, तर शासनाचे पैसे दुप्पट गेले व वसुलीची नोटीस त्या बिचाऱ्या विधवेच्या घरी आली. यावरील उपाय आपल्या लिपिकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. प्रत्येक संदेशास जावक क्रमांक असावा. घेणाऱ्याने तो आवक नोंदवहीत पाहावा. आधीच नोंदलेला असेल तर फक्त पोच द्यावी, काम पुन्हा करू नये.

देणाऱ्याच्या बाजूसही असाच एक खड्डा आहे. निबंधकाच्या सेवेस दोन कामे करावयाची असतात : नोंद लिहिणे आणि संदेश देणे. नोंद लिहिली आणि संदेश देण्यापूर्वी यंत्र बंद पडले, तर मृत्यू नोंदला गेला पण कोणास कळला नाही. क्रम उलट केला तर न झालेल्या नोंदीची खबर गावभर जाईल. म्हणून जाणते अभियंते नोंद आणि तिची जावक या दोन्ही एकाच माहितीसंचात एकाच फटक्यात लिहितात. एकतर दोन्ही होतात, नाहीतर एकही नाही. मग निराळी आज्ञावली ती जावक उचलून मध्यस्थाकडे नेते व ‘पाठविले’ अशी खूण करते. खूण करण्याआधीच ती बंद पडली तर संदेश दुसऱ्यांदा जातो. पण घेणाऱ्याच्या आवक नोंदवहीने त्याची सोय आधीच केलेली असते.

आधीचे आणि नंतरचे

संदेश ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पोहोचतील असे गृहीत धरता येत नाही. याचा धडा मला नोकरीच्या आरंभी मिळाला. एका मेळाव्याचे प्रसिद्धिपत्रक आम्ही संध्याकाळी फॅक्सने पाठविले आणि तारीख बदलल्याचे शुद्धिपत्रक दुसऱ्या सकाळी ई-मेलने. एका दैनिकाच्या फॅक्स यंत्रातील कागद संपला होता. तेथे मूळ पत्रक शुद्धिपत्रकानंतर निघाले. जे मागाहून आले ते ताजे, असे समजून त्यांनी जुनी तारीख छापली. त्या दिवशी बरीच माणसे, त्यांतील बहुतेक वृद्ध, रिकाम्या मैदानात उन्हात उभी राहिली. आमच्या शुद्धिपत्रकावर ‘अमुक क्रमांकाच्या पत्रकाऐवजी’ एवढे शब्द असते तर हे टळले असते.

काफ्कासारख्या प्रणालीत विषयाचे अनेक भाग पाडतात व क्रमाची हमी एका भागापुरतीच असते. म्हणून एका नोंदणी क्रमांकाचे सर्व संदेश एकाच भागात जातील अशी योजना करतात. तरीही प्रत्येक संदेशावर नोंदीची आवृत्ती, म्हणजे पहिली, दुसरी, तिसरी, लिहिलेली असावी आणि घेणाऱ्याने जुनी आवृत्ती मागाहून आल्यास ती बाजूस ठेवावी, हे उत्तम.

काही संदेश कितीही वेळा दिले तरी घेणाऱ्याच्या पचनी पडत नाहीत. पोर्तुगीज वळणाच्या नावातील एखादे चिन्हयुक्त अक्षर दुसऱ्या सेवेस वाचताच येत नाही, किंवा जन्मतारखेचा रकाना कोरा असतो. असा संदेश ठरावीक प्रयत्नांनंतर वेगळ्या पेटीत टाकतात. टपाल खात्यात पत्ता न लागलेल्या पत्रांचे जे कार्यालय पूर्वी ‘डेड लेटर ऑफिस’ म्हणून ओळखले जाई त्यावरूनच तिला ‘डेड लेटर’ रांग म्हणतात. टपाल खात्यात त्या पत्रांकडे पाहावयास माणसे नेमलेली असत. संगणकातील पेटी मात्र नेमणूक विसरली गेली तर महिनोन्‌महिने भरत राहते आणि बाहेरून सारे सुरळीत दिसते.

आता सर्वांत नाजूक भाग. एका गावात एकाच नावाचे दोन वृद्ध आहेत. एक वारले आणि नोंद चुकून दुसऱ्याच्या क्रमांकावर झाली. संदेश निघाला, काही सेकंदांत शिधापत्रिका, निवृत्तिवेतन, मतदार यादी सर्वत्र जिवंत माणूस मृत ठरला. पूर्वी हीच चूक एका टेबलावर राहिली असती. प्रकाशित संदेश वर्गणीदारांनी वाचल्यावर परत घेता येत नाही. मूळ क्रमांकाचा उल्लेख करून दुरुस्तीचा नवा संदेश द्यावा लागतो. ही दुरुस्ती ‘मृत्यू-नोंद’ याच विषयाखाली गेली पाहिजे. सोयीसाठी कोणी ‘दुरुस्ती’ असा वेगळा विषय काढला आणि कोषागाराच्या सेवेने त्याची वर्गणी घेतली नाही, तर त्या गृहस्थांस तांदूळ मिळू लागेल, मतदान करता येईल, आणि निवृत्तिवेतनापुरते मात्र ते मृतच राहतील. प्रकाशकास हे कळणारही नाही, कारण कोण वाचतो हे त्याने जाणू नये हीच या पद्धतीची मूळ अट आहे.

म्हणून काही प्रसंगी ही पद्धत सोडून थेट विचारणाच करावी लागते. संदेश आला म्हणून कोषागाराच्या सेवेने रक्कम लगेच बंद करू नये. प्रथम निबंधकाच्या सेवेस त्या क्रमांकाची नोंद आजही तशीच आहे काय हे विचारावे आणि उत्तर आल्यावर प्रकरण एखाद्या लेखाधिकाऱ्याच्या नजरेखालून जाऊ द्यावे. यात चार-आठ दिवस गेले व एका महिन्याचे निवृत्तिवेतन जादा गेले तर ते बँकेकडून परत मागविता येते. तोवर दुसऱ्या वृद्धास मामलेदार कचेरीच्या पायऱ्या चढून आपण हयात असल्याचे सांगावे लागणार नाही.