वजनकाट्याचं ऐकू नकोस

निरगुडसर, ता. आंबेगाव

चि. सागर यास,


वडिलांना शुगर निघाली, तरी तू म्हणतोस, "काका, मी तर काडीपैलवान, मला काय होतंय?" तू काटा बघतोस, मी तुझं पोट बघतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आपल्याच जिल्ह्यातल्या सहा खेड्यांतल्या आया नि बाळं तपासली. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्यांपेक्षा पाऊण किलोने हलकी. हातपाय काटकुळे, पण कातडीखालची चरबी जवळजवळ तेवढीच! म्हणजे आपली माणसं बारीक दिसली तरी आतून चरबी धरून असतात. पोटातली ही चरबी वाढली की शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून वेळ मारून नेतं, आणि दमलं की साखर वाढते. तोवर कित्येकदा काहीच जाणवत नाही.

टेप घे, श्वास सोड आणि बेंबीवरून माप. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी.

आबा दिवसभर औतामागे चालायचे, म्हणून त्यांना चार भाकरी जिरायच्या. तुला चाकणच्या कंपनीची बस दारातून नेते नि दारात सोडते. तेव्हा ताटात आधी उसळ, पालेभाजी, काकडी, भात-चपाती बेतानं. दिवसभराच्या चहातली साखर निम्म्यावर आण. जेवण झालं की मोबाइल ठेवून पंधरा मिनिटं चालून ये. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना खाणं सांभाळायला नि चालायला लावलं. तीन वर्षांत वजन फारसं उतरलं नाही, तरी धोका चौथाईहून जास्त घटला. त्यांचा अभ्यास २००६ साली छापून आला.

सूनबाईला दिवस गेलेत. त्या सहा खेड्यांत दूध, फळं, पालेभाज्या जास्त खाणाऱ्या आयांची बाळं चांगल्या अंगाची निघाली. तिच्या ताटात हे रोज पडू दे, आणि गरोदरपणातली साखरेची तपासणी चुकवू नका.

तूही याच महिन्यात उपाशीपोटी रक्त तपास. साखर १०० च्या आत आली तर वर्षाने पुन्हा बघ. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, तिथून मागे फिरता येतं. १२६ किंवा वर आली तर घरगुती उपाय करत बसू नकोस, डॉक्टरांकडे जाऊन पुन्हा तपासून घे. आकडा काहीही येवो, रिपोर्ट मला पाठव.

तुझा,
काका