छंदाच्या अग्निबाणाविषयी भाच्यास पत्र

अबू धाबी,
कार्तिक वद्य पंचमी

चिरंजीव बाळ यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतची छायाचित्रे पोचली. अमेरिकेहून सुटीवर आलेल्या तुझ्या आतेभावाने तुला एस्टीस कंपनीचा ‘अल्फा’ नावाचा अग्निबाण सुट्या भागांच्या रूपाने भेट दिला, त्याची इंजिने मात्र विमानाच्या सामानात नेण्यास मुभा नसल्यामुळे तिकडेच राहिली, आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बाल्साचा भुसा बसतो ही ताईची रास्त तक्रार कानाआड करून शारजाच्या त्या अरुंद बाल्कनीत तू तो बाण अखेरीस उभा केलास, हे वाचून मला आनंद झाला आणि थोडी धास्तीही वाटली. धास्तीचे कारण पत्राच्या शेवटी विचारलेले तुझे तीन प्रश्न. पंख लहान केले तर बाण अधिक उंच जाईल काय, त्याच्या बुडाशी दुसरा टप्पा जोडता येईल काय, आणि इंजिने या देशात कोठे मिळतील, न मिळाल्यास ती घरी करता येतील काय. यांपैकी पहिला प्रश्न विद्यार्थ्याचा आहे, दुसरा उतावळ्याचा आणि तिसरा, रागावू नकोस, अविचाराचा. आणि मी उत्तरे याच क्रमाने देणार आहे, कारण पहिल्याचे मर्म नीट उमगले तर तिसऱ्याचा आग्रह पुष्कळसा आपोआप मावळेल अशी मला आशा आहे.

अग्निबाण सळईवरून एकदा सुटला की त्यास सांभाळणारे कोणी उरत नाही, आणि पुढील सर्व प्रवास त्याच्या अंगातील दोन बिंदूंच्या परस्परसंबंधावर चालतो. ज्या ठिकाणी दोरा बांधला असता बाण आडवा तोलून राहतो तो त्याचा गुरुत्वमध्य, आणि बाजूने येणाऱ्या हवेचा एकंदर दाब ज्या ठिकाणी एकवटला आहे असे मानता येते तो दाबमध्य. पहिला नाकाच्या बाजूस आणि दुसरा शेपटीच्या बाजूस असेल, तर बाण किंचित कलताच हवाच त्याची शेपटी ढकलून त्यास मार्गावर आणते. संक्रांतीच्या पतंगास आपण शेपूट जोडतो त्यातला हेतू याहून फारसा निराळा नाही. हे बिंदू उलट पडले तर तीच हवा त्याचा कल वाढवीत नेते, बाण आकाशात कोलांट्या घेऊ लागतो, आणि त्या वेळी त्याच्या पोटातील इंजिन पेटलेले असते, ही गोष्ट तू एकदा शांतपणे मनापुढे आणावीस. दोन्ही बिंदूंत निदान नळीच्या एका व्यासाइतके अंतर असावे असा या छंदातील रूढ दंडक आहे. तुझ्या अल्फाची नळी सुमारे 25 मिलिमीटर व्यासाची, तेव्हा तेवढे अंतर हवेच. नासाच्या गॉडर्ड केंद्रातील जेम्स बॅरोमन या अभियंत्याने 1966 साली दाबमध्य काढण्याची जी समीकरणे छंदिष्टांच्या हाती दिली ती शालेय बीजगणिताने सुटतात, आणि फिनलंडमधील एका विद्यार्थ्याच्या 2009 सालच्या प्रबंधातून निघालेली ‘ओपनरॉकेट’ ही प्रणाली तेच गणित संगणकावर क्षणार्धात, तेही फुकट, करून देते. पहिल्या खेपेस मात्र ते तू कागदावर हाताने करावेस, कारण यंत्राच्या उत्तराची खातरजमा करण्याची ज्याची ऐपत नाही त्याने यंत्रावर इतबार ठेवणे धोक्याचे असते.

आता पंखांकडे येऊ. पंख लहान केले की हवेचा अडथळा कमी होतो हे तुझे म्हणणे खरे. पण त्याबरोबर दाबमध्य नाकाकडे सरकतो आणि ते अनिवार्य अंतर आटते. त्यावर उपाय म्हणून नाकाच्या शंकूत माती भरून गुरुत्वमध्यही पुढे नेता येतो, परंतु त्या वजनाची किंमत बाण उंचीतून वसूल करतो. उलट भीतीपोटी पंख अवास्तव मोठे केले, तर बाण वाऱ्याकडे तोंड वळवून तिरपा धावू लागतो, आणि आपल्याकडे वायव्येचा शमाल वाहत असता असा बाण कोणाच्या गाडीच्या काचेवर उतरेल याचा नेम नाही. यात आणखी एक मेख आहे, जी नवशिक्यांच्या लक्षात बहुधा येत नाही : तोल इंजिनासह पाहावयाचा असतो. सी6-5 जातीचे इंजिन सुमारे 24 ग्रॅम भरते. रिकाम्या अल्फाचे वजनही याच्या आसपासच असल्यामुळे, शेपटीत तेवढा भार पडताच गुरुत्वमध्य झपाट्याने मागे येतो. तुझ्यापाशी इंजिन नाही, पण या परीक्षेपुरते ते नडत नाही. जाड कागदाची 18 मिलिमीटर व्यासाची आणि 70 मिलिमीटर लांबीची गुंडाळी कर, ती मातीने 24 ग्रॅमपर्यंत भर आणि इंजिनाच्या जागी बसव. मग गुरुत्वमध्यावर लांब दोरा चिकटपट्टीने पक्का करून, तुमच्या इमारतीमागे वाळूच्या ज्या मोकळ्या जागेत लोक गाड्या लावतात तेथे शुक्रवारी सकाळी, माणसे नसताना, बाण डोक्याभोवती फिरव. नाक पुढे ठेवून फिरला तर तो विश्वासास पात्र समजावा. आडवा होऊन किंवा शेपटी पुढे करून फिरू लागला, तर तुझे सुधारलेले पंख कितीही देखणे असोत, त्यांस निवृत्त करावे.

फेरफार करताना एका वेळी एकच कर. पंखांचा आकारही बदलला, नाकही जड केले आणि नळीही लांबविली, तर बाण बरा उडाला काय किंवा बिघडला काय, श्रेय कोणाचे आणि दोष कोणाचा याचा निवाडा ब्रह्मदेवासही करता येणार नाही. यासाठी एक स्वतंत्र वही घाल आणि तीत रोजनामा लिही : तारीख, वाऱ्याची दिशा, बाणाचे वजन, दोन बिंदूंतील अंतर, केलेला बदल आणि त्याचा परिणाम. काही मोडले तर मोडलेले तुकडे फेकण्यापूर्वी त्यांचा रीतसर पंचनामा कर. बाल्साचे तंतू पंखाच्या पुढील कडेशी समांतर ठेव, नाही तर पंख पहिल्याच झटक्यात तंतूंच्या रेषेवर मोडतो. जोडाच्या कोनात फेव्हिकॉलचा पातळ थर बोटाने फिरवून वाळू दे, मग दुसरा दे. घाईने दिलेल्या जाड थरात वाळताना बुडबुडे राहतात. मे महिन्याच्या उन्हात बाबांच्या गाडीत बाण विसरू नकोस, प्लास्टिकचे नाक तेथे आकार बदलते. पॅराशूटची घडी घालण्यापूर्वी त्यावर टाल्कम पावडर भुरभुरावी, म्हणजे पदर एकमेकांस चिकटत नाहीत.

दुसऱ्या टप्प्याविषयी थोडक्यात सांगतो. त्यात खालचे इंजिन जळून संपताच त्याची ज्वाला थेट वरच्या इंजिनात शिरते. मध्ये विचार करण्यास उसंत नसते. पहिल्या टप्प्यात बाण जरा कलला असेल, तर दुसरे इंजिन त्यास जमिनीस समांतर पळविते. खेरीज बुडाशी आणखी एका इंजिनाचा भार आल्याने वर सांगितलेले सारे गणित पुन्हा मांडावे लागते. एकटप्पी बाणाचा तुझा रोजनामा निम्मी वही भरेपर्यंत हा विषय माझ्यापाशी काढू नकोस.

आता तिसरा प्रश्न, ज्याविषयी मला अधिक लिहावयाचे आहे. सी6-5 या नावातील ‘सी’ अक्षर इंजिनाचा एकूण आवेग 10 न्यूटन-सेकंदांच्या आत असल्याचे सांगते, 6 हा न्यूटनमधील सरासरी रेटा आणि 5 हा ज्वलन संपल्यापासून पॅराशूट बाहेर फेकले जाईपर्यंतचा सेकंदांतील अवधी. म्हणजे वस्तू लहान व हिशेबी आहे. तथापि तिच्या पोटात काळी दारू आहे, आणि काळ्या दारूकडे हा देश खेळणे म्हणून पाहत नाही. संयुक्त अरब अमिरातीच्या 2019 सालच्या 17 क्रमांकाच्या फर्मानी कायद्याने शोभेची दारूदेखील स्फोटकांत गणली असून, परवान्याविना ती तयार करणे, आणणे वा तिचा व्यापार करणे यास 1 वर्षाहून कमी नाही असा तुरुंगवास आणि 1,00,000 दिरहमांहून कमी नाही असा दंड, किंवा यांपैकी एक, अशी शिक्षा सांगितली आहे. तुझे इंजिन त्या व्याख्येत अक्षरशः बसते की नाही, हा खल वकिलांनी करावा. जकात कचेरीच्या मेजापुढे उभे राहून तो करण्याचा प्रसंग तुझ्या वडिलांवर येऊ नये, एवढे मला पुरे आहे. परक्या मुलखात राहणाऱ्या कुटुंबाची नोकरी, निवासाचा परवाना आणि अब्रू ही तिन्ही एकाच धाग्यात ओवलेली असतात, हे तुला आता कळावयास हवे.

इंजिने घरी करण्याविषयी म्हणशील, तर हा छंद मुळात त्याच हव्यासास आवर घालण्याकरिता जन्मला. 1957 च्या ऑक्टोबरात स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकेतील शेकडो मुलांनी धातूच्या नळ्यांत नाना मिश्रणे ठासण्याचा सपाटा लावला. कित्येकांची बोटे गेली, काही प्राणास मुकले. हा प्रकार स्पुटनिकपूर्वीही चालू होताच, आणि हॅरी स्टाइन नावाच्या जाणत्या तंत्रज्ञाने त्याच वर्षाच्या आरंभी एका मासिकात त्याविरुद्ध लेख लिहिला होता. तो वाचून नेब्रास्कातील नॉरफोक गावचा ऑर्व्हिल कार्लाइल नावाचा एक पादत्राणांचा दुकानदार पुढे आला. त्याने भावाच्या साहाय्याने 1954 सालीच कागदी नळीचा, बाल्साच्या पंखांचा, पॅराशूटने अलगद उतरणारा बाण तयार केला होता, आणि त्याचे इंजिन घरी ठासावयाचे नसून तयार, एकदाच वापरावयाचे आणि कागदी कवचाचे होते. पुढे डेन्व्हरच्या व्हर्न एस्टीसने, जो स्वतः शोभेच्या दारूच्या कारखानदाराचा मुलगा होता, दर साडेपाच सेकंदांस एक इंजिन ठासणारे यंत्र 1959 च्या सुमारास चालू केले आणि मुलांचा हात दारूपासून कायमचा दूर झाला. कार्लाइलच्या कागदी नळीउलट हैदर व टिपूच्या फौजेतील बाणांची नळी लोखंडी होती, अधिक दाब सोसून दूर जाणारी. आपल्या मराठी फौजांतही बाणदार असत. पण तेथे शत्रूच्या अंगावर लोखंड पाडणे हाच उद्देश होता. कार्लाइलने मुद्दाम दुर्बळ साहित्य निवडले, कारण बिघडलेला कागद चुरगळतो, बिघडलेले लोखंड छर्रे होऊन उडते. या छंदाचे सारे शहाणपण मला त्या निवडीत दिसते, आणि धातूची नळी हाती घेणारा मुलगा, त्याचे गणित कितीही पक्के असो, ते शहाणपण मोडतो.

आणि अग्नी आपल्या हातचा नाही याचा तुला इतका विषाद कशासाठी? 21 नोव्हेंबर 1963 रोजी थुंब्याच्या किनाऱ्यावरून भारताने पहिला अग्निबाण सोडला तो अमेरिकन बनावटीचा नाइके-अपाची होता. 75 मिलिमीटर व्यासाचा आपला रोहिणी बाण त्यानंतर चार वर्षांनी उडाला. दरम्यान लोक मोजमापे शिकले, नोंदी ठेवू लागले. पुण्यात जन्मलेले वसंत गोवारीकर 1967 मध्ये तेथे रुजू झाले आणि घन इंधनाचे शास्त्र त्यांनी वर्षानुवर्षे खपून उभे केले, तेव्हा 18 जुलै 1980 रोजी चारही टप्प्यांत घन इंधन भरलेला एसएलव्ही-3 रोहिणी उपग्रह घेऊन कक्षेत पोचला. तू ज्या देशात वाढतो आहेस त्याचेच पाहा : त्याचे ‘अल्-अमल’ यान कोलोरॅडोतील विद्यापीठाच्या सहकार्याने घडले, हवामानामुळे मुहूर्त टळत टळत 20 जुलै 2020 रोजी जपानच्या तानेगाशिमा बेटावरून जपानी अग्निबाणावर निघाले आणि 9 फेब्रुवारी 2021 रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले. अग्नी जपानचा होता म्हणून दुबईच्या अभियंत्यांनी मंगळास जाण्याचे रहित केले नाही. मापे, तोल आणि वेळापत्रक त्यांनी आपले मानले.

तेव्हा तूर्त तू पाण्याचा बाण कर, आणि नाक मुरडू नकोस, कारण गुरुत्वमध्य आणि दाबमध्य यांचे वर्तन दारू असो वा पाणी, बदलत नाही. सोड्याची बाटली घे. पिण्याच्या साध्या पाण्याची पातळ बाटली दाब सोसत नाही. एक तृतीयांश पाणी भर, सायकलच्या पंपाने दाब 4 बारच्या वर नेऊ नकोस, आणि अडकण लांब दोरीने, निदान 5 मीटर दूर उभे राहून सोड. तोल रिकाम्या बाटलीचा तपास, कारण पाणी पहिल्या क्षणीच निघून जाते व बाकीचा प्रवास रिकाम्या बाटलीचा असतो. उंची मोजण्यास कोनमापक, दोरा आणि लहानसे वजन पुरते : 50 मीटर अंतरावरून शिखर 31 अंशांवर दिसले तर बाण सुमारे 30 मीटर चढला, ही त्रिकोणमिती तू शाळेत शिकलाच आहेस. हे उद्यानात करू नकोस. शारजा आणि दुबई यांचे विमानतळ एकमेकांच्या इतके जवळ आहेत आणि आकाशाविषयी येथील सरकार इतके सावध आहे, की जानेवारी 2022 मध्ये हौशी ड्रोनांवर सरसकट बंदी आली होती. विज्ञानाच्या बाईंमार्फत मुख्याध्यापकांस रीतसर अर्ज दे, शाळेचे मैदान माग आणि मिळालेली परवानगी लेखी घे. सुटीच्या दिवशी शारजा विद्यापीठाची खगोल अकादमीही पाहून ये. जानेवारी 2023 मध्ये प्रक्षेपित झालेला शारजा-सॅट-1 हा छोटा उपग्रह त्यांच्या कामातला आहे, आणि तेथे तुझ्या वयाच्या मुलांचे प्रश्न ऐकून घेतात.

अल्फास हात लावू नकोस असे मी म्हणत नाही. त्याचे दोन निरनिराळे पंखसंच काप, मातीच्या इंजिनासह दोऱ्यावर दोन्ही फिरवून पाहा आणि निकाल वहीत लिही. डिसेंबरच्या सुटीत तुम्ही सर्व इकडे याल तेव्हा ती वही आण. बाण घरी राहिला तरी चालेल. त्याच सुमारास तुझा आतेभाऊ मला लिहिणार आहे, त्याच्या गावच्या छंदिष्ट मंडळाच्या मैदानावर, त्यांच्या नियमांत, तुझा बाण उन्हाळ्यात उडविण्याची काही तजवीज होते का याविषयी. ते जमले तर पंख कोणते लावावयाचे हे वहीवरून ठरवू. ताईस व बाबांस माझा नमस्कार सांग, आणि बाल्कनी झाडून ठेवीत जा.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
मामा